नऊ नंबरची ओळ

छत्तीसगडमधल्या दुर्ग स्टेशनवर आणि तिथून सुटणाऱ्या गाड्यांमध्ये मी सगळी नोकरी तिकिटं तपासण्यात काढली, आणि एक गोष्ट छातीठोकपणे सांगते, बोलण्यात मला कोणी हरवलं नाही. नेत्याचा भाचा आला, वकील आला, दंड फुगवत पहिलवान आला, सगळे पावती घेऊन गेले. टीटी मॅडमच्या तोंडाला लागू नका, असं लोक एकमेकांना सांगायचे. ते कानावर आलं की मला बरं वाटायचं. खोटं कावून बोलू?

आता हजरजबाबी वगैरे मी मुळीच नव्हते. बिनतिकिटवाल्यांकडे बहाणे असून असून किती असणार? आठ-दहा. "मेरे चाचा रेलवे में हैं" म्हणणारा दर दोन दिवसांनी भेटतो. त्याला मी म्हणायचे, "तो टिकट उन्हीं से मँगवा लेते." "बस पाँच मिनट के लिए अंदर आया था" म्हणणाऱ्याला, "रसीद भी पाँच ही मिनट में बनती है." ही उत्तरं मी घरी भाजी चिरता चिरता बसवत असे, दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघत असे. मग गेटवर वेळ आली की थोडं थांबायचं, चष्मा वर सरकवायचा आणि आत्ताच सुचल्यासारखी ओळ सोडायची. माझ्याबरोबरच्या तपासनीसांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मॅडमच्या जिभेवर देवानं काहीतरी ठेवलंय. आमच्या घरात देव नाही, हे त्यांना कोण सांगणार!

त्यातली खरी मेख मला पहिल्याच वर्षी कळली होती. ओळ समोरच्या माणसासाठी नसतेच. तो तर चिडलेला असतो, त्याला काही पटत नाही. ओळ असते त्याच्या मागे उभ्या असलेल्या लोकांसाठी. ते हसले की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि हात खिशात जातो. हे तंत्र मी अनेक वर्षं वापरलं आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

तर, माझी धाकटी बहीण एके दिवशी म्हणाली की ती पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभी राहते. आम्ही दोघी जुनवानीत एकाच कॉलनीत राहतो, तिची गल्ली वेगळी. आई माझ्याकडे. बहीण नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते आणि तिच्याइतकं हळू बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. काही विचारलं की आधी गप्प बसते, मग छताकडे बघते, मग म्हणते, "याच्यात दोन गोष्टी हायेत." तोवर विचारणारा चहा पिऊन निघून जातो.

पण उभं राहण्यामागे तिचं कारण पक्कं होतं. आमच्या कॉलनीच्या मागे एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे बस्ती. गावाकडून आलेले मिस्त्री, बांधकामावर मजुरी करणाऱ्या रेजा, कॉलनीतल्या घरांत भांडी घासणाऱ्या बाया, असे सगळे तिथे राहतात. पाण्याची पाइपलाइन भिंतीपाशी येऊन थांबली होती. बस्तीला टँकर, तोही मनाला येईल तेव्हा. बागेच्या कोपऱ्यावर एक सरकारी नळ होता, तिथून बाया पाणी भरायच्या. त्या उन्हाळ्यात कॉलनीच्या समितीनं नळाला लोखंडी पिंजरा बसवला आणि कुलूप ठोकलं. गर्दी होते, भांडणं होतात, असं कारण दिलं. बहिणीला पाइपलाइन बस्तीत न्यायची होती. त्यासाठी पार्षद व्हायचं, आणि पार्षद व्हायला कॉलनीची मतं हवीत, बस्तीचीही हवीत.

समोर कोण, तर दोन वेळा निवडून आलेले भैयाजी. कामाच्या नावानं आनंदच होता, पण बोलणं काय विचारता! सभेत उभे राहायचे, खोकायचे आणि म्हणायचे, "मेरा तो काम बोलता है, मैं तो बस खाँसता हूँ." लोक खदखदा हसायचे आणि मत देऊन मोकळे व्हायचे. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखलं की हा माणूसही भाजी चिरता चिरता ओळी बसवतो.

कॉलनीच्या समितीनं मतदानाच्या आधीच्या रविवारी सामुदायिक भवनात दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. एक रिटायर प्राचार्य मधे बसणार, लोक प्रश्न विचारणार. बहीण म्हणाली, "मी जाते आन् जे हाये ते सांगते." मी कपाळावर हात मारला.

"जे हाये ते सांगाले तुले अर्धा घंटा लागते! भैयाजी दोन मिनिटात तुही चटणी करून टाकन."

"मंग काय करू?"

"मी सांगते तशी बोल."

मी एका वहीत अठरा ओळी काढल्या आणि त्यांना नंबर दिले. भैयाजी म्हणणार की बहनजींना अनुभव नाही. त्याला चार नंबर, "जी हाँ, दस साल नाली न बनाने का अनुभव मेरे पास नहीं है." ते म्हणणार, आधी घर सांभाळा. त्याला सहा नंबर, "घर सँभालती हूँ, इसीलिए पता है पानी कितने बजे नहीं आता." ही सहा नंबरची मला इतकी आवडली होती की मी ती आईला तीनदा म्हणून दाखवली. आई म्हणाली, "बस कर वं, पाठ झाली मले."

रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तालीम चालायची. मी खांद्यावर पंचा टाकून भैयाजी व्हायचे, खोकायचे, टोमणे मारायचे. बहीण पोळ्या लाटता लाटता उत्तर द्यायची. आई दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि मी खोकले की हसायची. पहिले तीन दिवस बहिणीनं नुसता जीव खाल्ला. ओळ म्हणायची आणि मागून लगेच समजावत बसायची की नाली म्हणजे नेमकी कुठली नाली. मी ओरडायचे, "समजावू नको! टाक आन् गप्प राह!" चौथ्या दिवशी तिला ते जमलं. थांबणं जमलं, मान वळवणं जमलं. बाप्पा, काय शोभत होती! मला वाटलं, माझी नोकरी हिच्यात उतरली.

दोन गोष्टी मी तिला बजावून सांगितल्या. एक, नळाच्या कुलपाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कुलूप काढू म्हटलं तर कॉलनी गेली, राहू दे म्हटलं तर बस्ती गेली. बहिणीचा चेहरा उतरला, पण तिनं ऐकलं. दुसरी, चिठ्ठीवाले. भैयाजींची जुनी खोड सगळ्या वॉर्डाला ठाऊक होती. ते आपली माणसं लोकांमध्ये पेरायचे आणि अडचणीचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात द्यायचे. म्हणून नऊ नंबरची ओळ खास चिठ्ठीवाल्यांसाठी होती. "ये सवाल आपका है, या किसी ने लिखके दिया है?" कोणाच्याही हातात कागद दिसला की नऊ नंबर.

तरी ऐनवेळी ती घाबरेल म्हणून मी खूणही ठरवली. मी दुसऱ्या रांगेत बसणार. पर्स मांडीवर आडवी असली तर शांतपणे बोल. पर्स उभी केली की ओळ सोड.

रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही तिघी तशाच भवनात गेलो. हॉल गच्च भरला होता. पुढे कॉलनीवाले खुर्च्यांवर, मागे बस्तीतले लोक भिंतीला टेकून उभे. भैयाजींनी सुरुवातीलाच खोकून घेतलं. हसले लोक. मग म्हणाले, "बहनजी पढ़ी-लिखी हैं, पर अनुभव कहाँ से लाएँगी?" मी पर्स उभी केली. बहिणीनं एक श्वास घेतला, मान वळवली आणि चार नंबर सोडली.

काय सांगू तुम्हाला! आधी पुढच्या रांगेतून टाळी, मग मागून शिट्टी. भैयाजी खोकले, पण यावेळी खरंच खोकले. पाच मिनिटांनी सहा नंबरही बसली. समितीचे अध्यक्ष मान हलवून हसत होते. मी दुसऱ्या रांगेत मख्ख चेहऱ्यानं बसले होते आणि आतून नुसती उड्या मारत होते. हे सगळं माझं आहे, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग लोकांचे प्रश्न सुरू झाले. मागून एक म्हातारी पुढे आली. ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली, हातात वहीचं फाडलेलं पान. मी तिला तोंडओळखीनं ओळखत होते, आमच्याच गल्लीत दोन घरची भांडी घासायची. माईक तिच्यासमोर धरला तर ती आधी दचकली. मग कागद दोन्ही हातांत धरून हिंदीत एकेक शब्द म्हणाली, "बगीचे वाले नल में ताला है. आप जीतोगे, तो चाबी किसके पास रहेगी?"

सगळ्यांनी टाळलेला प्रश्न तिनं सरळ समोर ठेवला होता. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते मी आज लपवत नाही. इतका धारदार प्रश्न भांडेवालीला सुचणं शक्यच नाही, हे भैयाजींचंच काम, असं मला वाटलं. हातात कागद तर दिसतच होता. बहीण माझ्याकडे बघत होती. मी पर्स उभी केली. तिनं किंचित मान हलवून नाही म्हटलं. मी पर्स अजून वर उचलली.

"अम्मा," बहीण म्हणाली, "ये सवाल आपका है, या किसी ने लिखके दिया है?"

सगळ्यात मोठा हशा त्या ओळीवर पिकला. कॉलनीवाले तर सुटल्यासारखे हसले, कारण प्रश्न टळला होता. बस्तीतलेही हसले. म्हातारीनं कागदाकडे पाहिलं, तीही हसली, कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि मागे जाऊन उभी राहिली. मी पर्स आडवी ठेवली.

शेवटी दोघांना दोन-दोन मिनिटं होती. बहिणीसाठी मी झकास शेवट लिहिला होता, अठरा नंबर. ती उभी राहिली आणि छताकडे बघायला लागली. मग ती बोलली, तिच्या त्या जुन्या, संथ आवाजात. "अम्मा ने जो पूछा, वो मैंने हँसी में उड़ा दिया. वो गलत हुआ. मेरे जवाब भी लिखे हुए थे. लिखने वाली मेरी बड़ी बहन है, सामने बैठी है." माझ्याकडे बोट केलं नाही, पण सगळ्या माना वळल्या. "ताला मुझे शुरू से गलत लगता है. मैं चुप थी, क्योंकि मुझे कॉलोनी के वोट चाहिए थे. मैं ताला निकलवाऊँगी." आणि बसली. टाळी एकानंही वाजवली नाही. भैयाजी खुर्चीत रेलून हसत होते.

घरी आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "आठ दिवस घसा फोडला मी! जिंकलेली बाजी तू हातानं उधळली. आन् माहं नाव कावून घेतलं?"

"नाव नाई घेतलं, ताई. बहीण म्हटलं."

"एकच ना ते!"

"ते चिठ्ठी तिच्या नातीनं लिहून देल्ली होती. मी बाहेर निघाल्यावर इचारलं तिले. सहावीत हाये पोरगी. बुढीले वाचता येत नाई, पण माईकपुढे इसरून जाईन म्हणून हातात धरली होती."

मी म्हटलं, "मले काय सपन पडलं होतं?" माझा आवाज अजून चढलेलाच होता. तेव्हा आई, जी इतका वेळ चप्पल न काढता बसली होती, ती बोलली.

"माह्या सगळ्या अर्ज्या दुसऱ्यानंच लिहून देल्या. तुहा बाप लाइनवर गँगमन होता, त्याच्या बदलीची अर्जी, तुह्या शाळेची अर्जी, पेन्शनची अर्जी. स्टेशनवरचा बाबू लिहे, मी अंगठा लावो. मंग ते माह्यं म्हणणं नव्हतं का वं?"

मी उठून कुकर लावला.

निकालाचं सांगते. बहीण निवडून आली, आणि चांगली निवडून आली. कारणही तिच्यासमोर मी स्पष्ट बोलून दाखवलं आहे. हॉलमध्ये कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं, आणि मतदानाच्या आधी त्यातला एक तुकडा वॉर्डातल्या घराघरांत फिरला. म्हातारी विचारते, बहीण नऊ नंबर सोडते, हॉल हसतो. बस, तिथेच कापलेला. शेवटची दोन मिनिटं कोणी पुढे पाठवलीच नाहीत. कोण पाठवणार? बाई काय सडेतोड आहे, असं लोक म्हणाले आणि मत देऊन आले. ओळ काम करते, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. बहीण मात्र जिंकल्याच्या पेढ्यातला अर्धाच खाऊन उठली.

कुलूप काढायला तिला बराच झगडा करावा लागला. समितीनं बैठका घेतल्या, सह्या गोळा केल्या, समितीवाले माझ्याकडेही आले. मी त्यांना असं काही सुनावलं की पुन्हा आले नाहीत. शेवटी एका सकाळी नगर निगमचे लोक येऊन पिंजरा कापून घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून बस्तीतल्या बाया नळावर यायला लागल्या. पाइपलाइनचा कागदही पुढे सरकत होता. मी फिरायला जाताना मुद्दाम बागेवरून जायचे आणि ती रांग बघून माझी छाती फुलायची. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की रांगेत सगळ्या आहेत, ती म्हातारी तेवढी नाही.

मी एका दुसरीला विचारलं. ती म्हणाली, अम्मा सडकेपलीकडच्या हातपंपावर जाते. इतक्या लांब, त्या वयात? मी तशीच निघाले. हातपंपाजवळ ती भेटलीच, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्यानं भरलेली गुंडी, हातात दुसरी गुंडी. मी वाट अडवून उभी राहिले आणि हिंदीत म्हटलं, "अम्मा, नल खुल गया है. इतनी दूर क्यों आती हो?"

ती थांबली, माझ्याकडे ओळखीचं हसली. मग मीच म्हटलं, तालमीशिवाय, जसं आलं तसं, "उस दिन वाली बात मेरी बहन की नहीं थी. मैंने लिखके दी थी. मुझसे गलती हुई."

"ओमा का हे, बाई," ती छत्तीसगढीत म्हणाली. त्यात काय एवढं. "सब झन हाँसिन, त महूँ हाँस देंव." सगळे हसले, म्हणून मीही हसले.

"मग नळावर कावून येत नाही?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. तिला ते कळलं.

तिनं डोक्यावरची गुंडी सावरली. "नल म जाथौं, त लइका मन उही गोठ ल कहिथें. अम्मा, ये गुंडी आपकी है, या किसी ने लिखके दी है? अउ सब झन हाँसथें." नळावर गेले की पोरं तेच म्हणतात, आणि सगळ्या हसतात. हे सांगताना ती ती ओळ अगदी बरोबर म्हणाली. आधी थोडं थांबून, मान वळवून, जशी मी स्वयंपाकघरात बसवली होती तशीच.

मी तिच्या हातातली गुंडी धरली. म्हटलं, द्या, घरापर्यंत आणून देते. तिनं ती सोडली नाही. "रहन दे," म्हणाली आणि माझ्या बाजूनं वाट काढून सडक ओलांडायला निघाली.